वेताळ, कोरा करकरीत

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाला वस्तू जुनी हवी असते आणि ती जुनी दिसलीही पाहिजे. पितळी अडकित्ता जितका काळवंडलेला तितका खानदानी. समईवरचं पिढीजात तेल कुणी खरवडलं तर त्याला पाप लागतं. दुसऱ्या पंथालाही वस्तू जुनीच हवी असते, पण ती काल संध्याकाळी छापखान्यातून आल्यासारखी दिसली पाहिजे. निर्मलला राहणारे आमचे दाजी या दुसऱ्या पंथाचे. त्यांची वस्तू म्हणजे भुताखेतांच्या, वेताळ-हडळींच्या जुन्या चित्रकथा. अंक पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा हवा, आत प्रेतं, कवट्या, वटवाघळं सगळं हवं, पण कागदाला सुरकुती नको, कोपरा मुडपलेला नको, चहाच्या कपाचं वर्तुळ तर नकोच नको. थोडक्यात, स्मशान हवं, पण झाडून-पुसून ठेवलेलं.

या पंथाचं शास्त्र अमेरिकेत तयार झालं. तिथे सी.जी.सी. नावाची कंपनी २००० सालापासून हेच काम करते. हल्ली तिचा मुक्काम फ्लोरिडातल्या सॅरासोटा गावी आहे. आपण आपली चित्रकथा पाठवायची. तिथले परीक्षक ती पानन् पान तपासतात, ०.५ ते १० यांच्यामध्ये कुठेतरी गुण देतात आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत ती कायमची बंद करून परत पाठवतात. डबी फोडून अंक वाचला की गुण रद्द. श्रेणींची नावंही बघण्यासारखी आहेत. १० पैकी २ मिळाले तर प्रत 'गुड', ४ मिळाले तर 'व्हेरी गुड', ६ मिळाले तर 'फाइन'. आम्हाला गणितात दहापैकी दोन मिळाल्यावर गुरुजी बरंच काही बोलायचे, पण त्यात 'गुड' कधी ऐकल्याचं स्मरत नाही. खऱ्या संग्राहकाची नजर मात्र ९.४ च्या खाली उतरत नाही. ९.८ म्हणजे साक्षात्कार.

दाजींनी उभी नोकरी पोचमपाडच्या धरणावर, पाटबंधारे खात्यात केली. पाण्याची पातळी रोज दशांशात लिहायची सवय हाताला होती. निवृत्तीनंतर पाणी गेलं, दशांश राहिला. सॅरासोटाचा खर्च पेन्शनीत बसत नाही आणि वेताळाला कुरिअरवाल्याच्या हवाली करायला मन धजत नाही, म्हणून ते स्वतःच भिंग, पट्टी आणि टॉर्च घेऊन गुण देतात. एकदा त्यांच्या मनात आलं की गुणांवर एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्यावा. मग लक्षात आलं की शिक्का उमटला तर गुण कमी होतील. तो विचार त्यांनी सोडून दिला, पण शासकीय पद्धतीत ही एक त्रुटी आहे असं त्यांचं अजून मत आहे.

निर्मलच्या आसपास असला माल सापडतो, याचं श्रेय सरकारला द्यावं लागेल. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि नांदेडच्या मुधोळ तालुक्यातला मुधोळ, भैंसा, कुबीर हा भाग आंध्रात आला. धर्माबाद तिकडेच राहिलं. नकाशावर रेघ मारली गेली, पण मुलांच्या मासिकांना तसं कोणी लेखी कळवलं नाही. त्यामुळे या पट्ट्यातल्या कित्येक घरांत वडलांचा तेलुगू 'चंदामामा' यायचा आणि आईचा मराठी 'चांदोबा'. 'चंदामामा' मद्रासहून १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये निघाला, 'चांदोबा' १९५२ मध्ये आला. नागी रेड्डी आणि चक्रपाणी हे त्याचे कर्ते. १९५७ चा 'मायाबझार' हा सिनेमाही त्यांचाच. म्हणजे घटोत्कच आणि वेताळ एकाच मालकाच्या पगारपत्रकावर होते.

या मासिकाची गंमत अशी की सगळ्या भाषांत चित्रं तीच, फक्त मजकूर वेगळा. चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकर, यांनी वर्षानुवर्षं काढलेला तो राजा विक्रम आठवा. एका हातात उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, पायाशी कवट्या. तो दोन्ही अंकांत त्याच जागी, त्याच तोऱ्यात चाललेला असे. भैंशाकडची पोरं एकाच प्रेताचं म्हणणं दोन भाषांत ऐकून घ्यायची. काटेकोर मंडळी म्हणतील, 'चांदोबा' ही चित्रकथा कुठे, ते तर सचित्र मासिक. दाजी त्यांना विचारतात, "चित्र आहे का? कथा आहे का? मग अजून काय पाहिजे, आधार कार्ड?"

दुसरा वेताळ आला तो 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९० पर्यंत चालवली. ती मराठीतही यायची. ली फॉकने १९३६ साली जन्माला घातलेला फँटम तिच्यात वेताळ होऊन कवटीच्या गुहेत राहायला आला. त्याला संग्रहात घ्यावं की नाही यावर दाजींनी बराच खल केला. कारण हा वेताळ मुळात भूत नाहीच. बाप गेला की मुलगा तोच बुरखा आणि तोच जांभळा पोशाख चढवतो, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं, सध्याचा एकविसावा. जंगलाला मात्र वाटतं की तो एकच आहे आणि मरतच नाही. शेवटी दाजींनी निकाल दिला. "खात्यात मी दुसरं काय बघितलं? साहेब बदलतो, खुर्ची तीच, भीती तीच. घ्या त्याला आत."

तर असे हे दोन वेताळ घरोघरी आले. मग ते कोरे का राहिले नाहीत? कारण ते मुलांच्या हाती पडले. सुट्टीत एक अंक पाच पोरं एकदम वाचायची. मधला पान धरायचा, दोन्ही बाजूंचे ओढायचे, मागचा खांद्यावरून वाकायचा आणि पाचवा पेरू खात उभा. ज्याला वेताळाची भीती वाटायची तो पेनाने वेताळाला मिशा आणि चष्मा काढायचा. मिशावाल्या भुताला कोण भितो? पहिल्या पानावर वळणदार अक्षरात मालकाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि चोराला दिलेला शाप. 'चांदोबा'त दोन फोटोंना शोभेल अशी ओळ सुचवायची स्पर्धा असायची. तिथे समासात पेन्सिलीने केलेली खाडाखोड. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानातून आलेल्या अंकावर तर जांभळे शिक्के इतके की वेताळाला गोंदवून घेतलंय असं वाटावं.

मुलांच्या तावडीतून सुटलं ते हवेने गाठलं. या भागात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो आणि पावसाळ्यात भिंती पाझरतात. वृत्तपत्री कागद मुळातच आम्लाचा. तो आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी पापडासारखा मोडतो. पिना गंजतात आणि गंज पानात उतरतो. मग कसर येते, वाळवी येते आणि सगळ्यात शेवटी, जिच्यापुढे वाळवीचंही काही चालत नाही, ती दिवाळीची साफसफाई येते.

तरीही दाजींना सगळ्यात जास्त धसका आहे तो प्रेमाचा. मराठी माणसाचं मासिकावर प्रेम जडलं की तो त्याचं बाइंडिंग करतो. वर्षाचे बारा अंक घ्यायचे, मुखपृष्ठं काढून टाकायची, कारण 'जाडी उगाच वाढते'. मग टोच्याने भोकं पाडून दोरा ओवायचा, कडा यंत्राखाली घालून सरळ छाटायच्या, वर पुठ्ठा चढवायचा आणि कण्यावर सोनेरी अक्षरात साल. मुधोळच्या एका गृहस्थांनी असे दहा वर्षांचे 'चांदोबा' कपाटातून काढून दाजींपुढे मांडले आणि छाती फुगवून म्हणाले, "बघा, कसं जपलंय!" दाजींनी कशीबशी मान डोलावली. बाहेर आल्यावर चपला घालताना म्हणाले, "एकशे वीस मुडदे. एका ओळीत."

शोधमोहिमेचं मुख्य ठाणं अर्थातच रद्दीचं दुकान. मोठा मुहूर्त असला तर दाजी रविवार गाठून हैदराबादला अबिडच्या फूटपाथवरचा जुन्या पुस्तकांचा बाजार पालथा घालतात, पण रोजची फेरी गावातलीच. इथलं पहिलं पथ्य म्हणजे चेहरा कोरा ठेवायचा. हव्या त्या अंकाकडे बघायचंच नाही. आधी जुन्या पंचांगाची चौकशी करायची, मग शिलाई मशीनच्या माहितीपुस्तकाची, आणि जाता जाता, जणू उपकार म्हणून, "हे काय पडलंय? पोरांसाठी घेऊन जातो." पण रद्दीवाला रोजच्या ओळखीने तयार झालेला.

"क्या साब, भूतां की किताबां होना ना? परसों इच आयीं. किलो से लेते क्या नग से?"

दाजी मुकाट्याने किलोने घेतात. खरं दुखणं वेगळंच आहे. त्या काट्यावर ९.४ आणि ०.५ यांचं वजन सारखंच भरतं. उलट भिजलेला अंक जरा जास्तच भरतो. दाजींच्या मते काटा आणि भिंग यांच्यातला हा मतभेद हेच जगातल्या अन्यायाचं मूळ.

मन उदास झालं की दाजी विल्यम गेन्सची कथा सांगतात. अमेरिकेत ई.सी. कंपनीच्या या मालकाने १९५० पासून 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर', 'द हाँट ऑफ फिअर' अशा भयकथांच्या मालिका काढल्या. पोरं तुटून पडली आणि पालक धावून आले. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहून सांगितलं की चित्रकथा मुलांना बिघडवतात. सेनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या. प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर आचारसंहिता घालून घेतली. नावात 'हॉरर' नको, 'टेरर' नको. रक्तपिपासू नकोत, चालती प्रेतं नकोत. गेन्सच्या भुतांचा बाजार उठला. पण आपल्याकडे आजी लोणच्याची एक बरणी पोरांच्या नजरेआड ठेवते, तशा या गृहस्थाने प्रत्येक अंकाच्या डझनभर कोऱ्या प्रती गुंडाळून बाजूला ठेवल्या होत्या. काही दशकांनी त्या बाहेर आल्या आणि 'गेन्स फाइल कॉपी' म्हणून संग्राहकांच्या देव्हाऱ्यात जाऊन बसल्या. "मद्रासला असा एक जरी माणूस असता..." असं म्हणून दाजी इतका मोठा सुस्कारा टाकतात की टेबलावरचा ८.० चा अंक फडफडतो आणि ते दचकून तोंडावर हात ठेवतात.

आता निर्मल हे गाव कशासाठी प्रसिद्ध आहे ते सांगायला हवं, कारण दाजींची खरी शोकांतिका तिथे आहे. गाव प्रसिद्ध आहे लाकडी खेळण्यांसाठी आणि चित्रांसाठी. २००९ मध्ये खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. नकाश कारागीर पोनिकीचं हलकं, मऊ लाकूड वाळवून त्याचे तुकडे कोरतात, चिंचोक्याच्या खळीने ते जोडतात, सांधे लिंपतात, वर पांढरा हात देतात आणि मग रंग. हातात घेतलेला पेरू लाकडाचा आहे हे दातांनाच कळतं. सांधा कुठे आहे हे ब्रह्मदेवालाही सापडू नये, यातच इथल्या कारागिराची अब्रू.

दाजींच्या एका 'इंद्रजाल'च्या मुखपृष्ठाचा कोपरा नखाएवढा उडालेला होता. नुसतं दाखवायला म्हणून ते अंक घेऊन एका कारागिराकडे गेले. त्याने हातातला पोपट खाली ठेवला, धोतराला बोटं पुसली, अंक उजेडाकडे धरला, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग शेजारच्या करवंटीतल्या खळीत काडी बुडवली.

"दस मिनट का काम है सार. खळ लगाते, कागज बिठाते, रंग मारते. तुमको बी नइ दिखता."

दाजी ओरडलेच. काडी हवेत थांबली. मग दाजींनी त्याला शास्त्र समजावलं. दुरुस्ती केलेल्या अंकाला अमेरिकेत जांभळं लेबल लावतात, आणि जांभळं लेबल लागलं की भाव कोसळतो. वेताळाला जांभळा रंग शोभतो, त्याच्या डबीला नाही. कारागिराने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मतलब टूटा हुआ अच्छा, बनाया हुआ खराब?"

"हौ," दाजी म्हणाले.

त्याने आतल्या दोघांना हाक मारून हे तेलुगूत सांगितलं. ते बाहेर येऊन आधी दाजींकडे आणि मग त्या कोपऱ्याकडे बघू लागले. चेहऱ्यावर हसू नव्हतं, काळजी होती. ज्या गावाची चूल सांधा लपवण्यावर पेटते, त्या गावात हा माणूस फाटका कोपरा फाटकाच ठेवा म्हणत होता.

घरातली परिस्थिती याहून नाजूक आहे. अंक ठेवायचे तर हवा कोरडी हवी, थंड हवी. म्हणून आतल्या खोलीत एसी बसला. त्या खोलीत वेताळ झोपतात. ताई आणि दाजी बाहेर कूलरपुढे. हात धुऊन, पुसून, वाळवून मगच आत जायचं. नातवाला आत प्रवेशच नाही. चित्रकथेच्या दृष्टीने नातू हा वाळवीनंतरचा मोठा धोका. विरोध वाढला तेव्हा दाजींनी आकडा फेकला. २०२४ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या १९३८ मधल्या पहिल्या अंकाची ८.५ श्रेणीची प्रत साठ लाख डॉलरना गेली. ताईने शांतपणे विचारलं, "त्यात भूत आहे?" "नाही, त्यात सुपरमॅन आहे." "मग तुमचं कसं?" यावर दाजींनी पंखा किती आवाज करतोय, असा विषय काढला.

गंमत अशी की दाजी स्वतः हे अंक वाचत नाहीत. वाचले तर कण्यावर बारीक रेघा पडतात. त्यांचं सगळं आयुष्य 'वरची प्रत' या एका शब्दावर चाललेलं. ६.० चा अंक मिळाला की आनंद, पण त्याच क्षणी कुठेतरी ८.० चा असेल ही टोचणी. तो मिळाला की पुन्हा झाडाकडे. विक्रम राजाने निदान एकच प्रेत पुन्हा पुन्हा खाली उतरवलं. दाजींचं प्रत्येक वेळी वेगळं, आणि आधीच्यापेक्षा किंचित कोरं.

आणि अशातच भैंशाहून निरोप आला. एका जुन्या वाड्याचा माळा रिकामा करताहेत, ट्रंकेत 'चांदोबा' आहे. दाजींनी मला सोबत घेतलं. ओसरीवर ऐंशीच्या पुढच्या एक आजी बसल्या होत्या. ट्रंक उघडली. तळाशी लाल फडक्यात बांधलेलं बोचकं, वर सुतळीला ओवलेला बिब्बा, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला. बिब्बा बघून दाजींचा श्वास अडकला. त्याचा डाग आत उतरला असता तर ९ चा थेट २ झाला असता. गाठ सुटली. आतून निघाला तो एकच अंक, साठच्या दशकातला. दाजींनी रुमालाने हात पुसले आणि मधलं पान उघडलं. तलवार, प्रेत, कवट्या. रंग ओले वाटावेत असे. पिना चकचकीत. कोपरे टोचतील इतके टोकदार.

"हे असं... कोणी ठेवलं?" दाजींचा आवाज फुटेना.

"सासूबाईनं," आजी म्हणाल्या. "धाकल्या दिरानं रात्रीचं वाचलं अन् लेकरू तीन दिवस तापानं फणफणलं. तोंडात एकच, खांद्यावरून उतरव म्हणून. मग सासूबाईनं ते बांधलं अन् टाकलं ट्रंकेत. जाळलं तर सुटतंय म्हणत्यात. तवापासून कोणाची हात लावायची टाप नाही."

मला वाटतं, श्रेणीचं सगळं शास्त्र त्या फडक्यात होतं. आवडलेला अंक पोरं वाचून वाचून फाडतात. न आवडलेला महिन्याभरात रद्दीत जातो. जपलेला बाइंडिंगवाल्याकडे जातो. भुताच्या कथेची कोरी प्रत उरते ती फक्त त्या घरात, जिथे भूत खरोखर लागू पडलं. सासूबाईंना ना आम्ल ठाऊक होतं ना सॅरासोटा. पण अंधार, कोरडी ट्रंक, कडुनिंब आणि कुणी शिवायचं नाही अशी दहशत, यापुढे दाजींचा एसी काय करणार? शंकर यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली, ती योग्यच. पण त्या बिब्ब्याची कामगिरीही काही कमी नव्हती.

दाजींनी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला. पंचांगाची चौकशीही सुचेना. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "आजी, याचे किती द्यायचे?"

आजींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुमी कशाला देता, बाबा? असल्या कामाचे आमीच द्यायचे असत्यात." सुनेला हाक गेली. ताटात नारळ, मूठभर तांदूळ आणि अकरा रुपये आले. दाजींच्या कपाळाला कुंकू लागलं. "घेऊन जावा एकदाचं. अन् वेस ओलांडेस्तवर मागं बघू नका."

आम्ही बघितलं नाही. गाडीत बसल्यावर दाजींनी खिशातून वही काढली. अंक, साल, भाषा, श्रेणी, खरेदी किंमत असे रकाने. श्रेणीत ९.४ लिहून झालं. किंमतीच्या रकान्यावर पेन बराच वेळ घुटमळलं आणि मग, खात्याच्या जुन्या शिस्तीला स्मरून, त्यांनी लिहिलं: वजा अकरा रुपये, अधिक एक नारळ.

घरी आल्यावर ताईने आधी वही वाचली, मग नारळ उचलला आणि स्वयंपाकघराकडे निघाली.

"थांब, फोडू नकोस!" दाजी मागून धावले. "शेंडी मूळची आहे!"

ताईने तो उंबऱ्यावरच फोडला. संध्याकाळी चटणी फार चांगली झाली होती.